शांताराम, व्ही.

(१८ नोव्हेंबर १९०१ — ऑक्टोबर १९९०). भारतीय चित्रपट-दिग्दर्शक, निर्माते व अभिनेते. संपूर्ण नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म कोल्हापूर येथे. गंधर्व नाटक मंडळीतील एक बालनट, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतील पडेल ते काम करणारा उमेदवार, ‘प्रभात’चे एक संस्थापक आणि पुढे ‘राजकमल कलामंदिर’चे सर्वाधिकारी असा त्यांच्या जीवनाचा क्रम आहे. मराठी संगीत रंगभूमीचा ऐश्वर्यकाल, तिचा ऱ्हास आणि तिच्या जागी बोलपटाचा झालेला उदय या तिन्ही गोष्टी या एका कारकीर्दीत एकत्र पाहावयास मिळतात. म्हणूनच त्यांच्या चित्रपटांचा विचार रंगभूमीला वगळून करता येत नाही.

नट म्हणून रंगमंचावर वावरलेली व्यक्ती पुढे चित्रपट-दिग्दर्शक होणे, ही घटना चित्रपटकलेच्या आरंभकाळी सर्वत्र आढळते. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ आणि सेसिल बी. डमिल हे दोघेही मुळात रंगभूमीवरील नट. जर्मन रंगभूमीवर माक्स राइनहार्ट याच्या संचात कामे केलेला एर्न्स्ट लूबिच १९२२ मध्ये हॉलिवुडला गेला व तेथील अग्रगण्य दिग्दर्शकांत गणला जाऊ लागला. महाराष्ट्रातील परिस्थिती मात्र थोडी वेगळी होती. येथे चित्रपटाला रंगभूमीकडून नट मिळाले, गायक मिळाले, कथानके मिळाली. परंतु चित्रपटाची दृष्टी ज्यांनी दिली, ते नट नव्हते. ते नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर होते. शांतारामांची घडण या दोन्ही वर्गांच्या सहवासात झाली, आणि त्यांतील कोणता संस्कार अधिक खोल गेला, हा त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे.

गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणेश गोविंद (गणपतराव) बोडस यांनी केली. त्यानंतर लवकरच, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, शांतारामांचा या मंडळीत प्रवेश झाला. तेथे त्यांना लहानसहान भूमिका मिळाल्या. मंडळीतील त्यांचा काळ अल्प होता व नट म्हणून त्यांचे नाव झाले नाही. तथापि भरजरी वस्त्रे, रंगविलेले पडदे, रात्र रात्र रंगणारी पदे आणि प्रेक्षकांचे ‘वन्समोअर’ यांनी भारलेले ते वातावरण संस्कारक्षम वयात त्यांनी आतून पाहिले. यानंतर काही काळ त्यांनी हुबळी येथील रेल्वेच्या कारखान्यात नोकरी केली व तेथीलच एका चित्रपटगृहात हरकामे म्हणून काम केले. मूकपट पुनःपुन्हा पाहण्याची संधी त्यांना येथे मिळाली.

१९२० मध्ये मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्यामुळे त्यांचा बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरकाव झाला. बाबूराव आणि त्यांचे आप्त आनंदराव पेंटर हे नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविण्याच्या कामी विख्यात होते. मूकपट काढण्याच्या ध्यासाने त्यांनी कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तल्यावर बाबूरावांनी तो तडीस नेला. या कंपनीत श्रमविभाग असा नव्हताच. झाडलोट, रंगकाम, रसायनशाळेतील धुलाई, संकलन आणि प्रसंगी भूमिका हे सर्व एकाच माणसाला करावे लागे. शांतारामांनी सुरेखाहरण (१९२१) मध्ये पडद्यावर प्रथम भूमिका केली, सिंहगड (१९२३) मध्ये शेलारमामा रंगविला आणि सावकारी पाश (१९२५) मध्ये सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणाऱ्या व अखेर शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. या शेवटच्या चित्रपटाचे महत्त्व विशेष आहे. पौराणिक देवदेवता व ऐतिहासिक वीर यांच्या गर्दीत एका सामान्य कुणब्याचे दुःख येथे पडद्यावर आले, आणि ते शब्दांवाचून व पदांवाचून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावे लागले. रंगभूमीवर जे काम वाणी करते, ते येथे प्रकाश, चौकट व चेहरा यांनी करावयाचे होते. नेताजी पालकर (१९२७) हा शांतारामांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्या काळातील बव्हंशी मूकपट नष्ट झाले असल्यामुळे त्यांच्या या उमेदवारीच्या काळाचे परीक्षण प्रत्यक्ष चित्रपटांवरून करणे अवघड आहे.

१ जून १९२९ रोजी शांताराम, विष्णुपंत दामले, एस्. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. कुलकर्णी वगळता सर्वजण बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले होते. गोपालकृष्ण (१९२९) हा कंपनीचा पहिला मूकपट. उदयकाल (१९३०) मध्ये शांतारामांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. या चित्रपटाचे मूळ नाव स्वराज्याचे तोरण असे होते, परंतु ब्रिटिश अभ्यवेक्षकांना ‘स्वराज्य’ हा शब्द मानवला नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला, तरी प्रभातने त्या वर्षी चंद्रसेना हा मूकपटच काढला. पुढच्याच वर्षी मात्र कंपनीने अयोध्येचा राजा (६ फेब्रुवारी १९३२) हा पहिला मराठी बोलपट प्रेक्षकांपुढे ठेवला. अयोध्या का राजा या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.

या बोलपटातील पात्रयोजना बोलकी आहे. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत गोविंदराव टेंबे यांच्याकडे होते. म्हणजे ज्या मंडळीत शांताराम पोरवयात वावरले, तिच्या संस्थापकांपैकी एक आता त्यांच्या दिग्दर्शनाखाली काम करीत होते. तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चित्रपटात येणे हे त्या काळी धाडसाचे होते. पार्श्वगायनाची सोय नसल्याने नटांना चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. टेंबे यांचे गायन व हार्मोनियमवादन नामांकित असले, तरी त्यांचा अभिनय नाटकी वळणाचाच होता. कॅमेऱ्यापुढे प्रथमच फार काळ उभ्या राहणाऱ्या दुर्गाबाईंचा अभिनय आज तुलनेने अधिक सहज वाटतो. रंगभूमीचा अनुभव ही चित्रपटात नेहमीच जमेची बाजू ठरते असे नाही, हे येथे प्रथम दिसून आले.

१९३३ मध्ये प्रभातने आपले बिऱ्हाड पुण्यास हलविले. सैरंध्री (१९३३) हा रंगीत चित्रपट करण्याच्या खटपटीत शांताराम जर्मनीस गेले होते. रंगांच्या बाबतीत तो प्रयत्न फसला, पण तेथील चित्रपटांचा व चित्रपटतंत्राचा परिचय त्यांच्या पथ्यावर पडला. पुण्यातील पहिला चित्रपट अमृतमंथन (१९३४) याची त्याला साक्ष आहे. नारायण हरी आपटे यांच्या भाग्यश्री या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात यज्ञातील बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा व त्याला विरोध करणारा राजगुरू यांचा संघर्ष आहे. राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी व हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर पसरलेले समीपदृश्य प्रेक्षकांच्या कायम स्मरणात राहिले. नाट्यगृहात मागच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसतच नाहीत. त्यामुळे नट भाव हातवाऱ्यांत आणि आवाजात ओततो. शांतारामांनी तो सारा भार एका डोळ्यावर टाकला. महाराष्ट्र नाटक मंडळीत नाव मिळविलेल्या दात्यांसारख्या नटालाही त्यामुळे आपला अभिनय आवरता घ्यावा लागला. पुढील पंचवीस वर्षे दाते आणि शांताराम यांचा संबंध टिकला, आणि दात्यांच्या चित्रपटातील उत्कृष्ट भूमिका याच संबंधातून निर्माण झाल्या.

याच सुमारास बालगंधर्व चित्रपटाकडे वळले. गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली होती. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक तर ओढून घेतलाच, शिवाय व्यवहाराचे गणितही बदलून टाकले. नाटक मंडळीला नट, साजिंदे, आचारी, पडदे, पेटारे असा मोठा लवाजमा घेऊन गावोगाव फिरावे लागे. बोलपट चार-दोन डब्यांत मावे. शिरूर (घोडनदी), दौंड यांसारख्या तालुक्याच्या वा रेल्वे जंक्शनच्या गावी मोठी मंडळी नेणे आतबट्ट्याचे, तर तंबूत बोलपट दाखविणे सहज परवडणारे होते. अशा स्थितीत बालगंधर्वांनी प्रभातशी करार केला व शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली धर्मात्मा (१९३५) हा संत एकनाथांच्या जीवनावरील चित्रपट निघाला. अस्पृश्यतानिवारणाचा त्यातील आशय त्या काळच्या राजकारणाशी इतका जवळचा होता, की महात्मा हे मूळ नाव अभ्यवेक्षकांच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. तेही गंधर्व नाटक मंडळीतूनच आलेले.

मराठी नाट्य-चित्रपटांच्या इतिहासात धर्मात्माचे स्थान त्याच्या गुणवत्तेहून मोठे आहे. एके काळी मंडळीच्या कोपऱ्यात उभा राहून ज्यांचे गाणे ऐकले, त्या नटाला ‘येथे थांबा, येथे वळा, पद एवढ्यातच संपवा’ अशी मर्यादा घालण्याचे काम शांतारामांकडे आले. बालगंधर्वांची सारी कीर्ती स्त्रीभूमिकांवर व प्रेक्षकांच्या दादेबरोबर फुलत जाणाऱ्या गायनावर उभी होती. कॅमेऱ्याने या दोन्ही गोष्टी नाकारल्या. वयाची पंचेचाळिशी पार केलेल्या पुरुषाने साकारलेली भामिनी वा सिंधू समीपदृश्यात टिकणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांना एकनाथांची पुरुषभूमिका देण्यात आली. आणि गाण्याला दाद देणारा प्रेक्षक चित्रीकरणस्थळी नव्हताच. शांतारामांनी दिग्दर्शक म्हणून जे केले, ते चित्रपटाच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु ‘नारायणराव’ पाहावयास आलेल्या प्रेक्षकांना दाढीधारी एकनाथांत ते गवसले नाहीत. करार एका चित्रपटानंतर संपुष्टात आला. पुढे साध्वी मीराबाई (१९३७) मध्ये बालगंधर्वांनी पडद्यावर पुन्हा स्त्रीवेष धारण केला. तो चित्रपट म्हणजे नाटकाचेच चित्रण असून तोही अपयशी ठरला. दोन मार्गांनी केलेले हे दोन प्रयत्न फसले, यावरून दोष दिग्दर्शकाचा वा नटाचा नसून ती कलाच एका माध्यमातून दुसऱ्यात नेण्याजोगी नव्हती, असे म्हणावे लागते. याउलट संत तुकाराम (१९३६) मध्ये दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीस यांच्याकडून तुकारामांची भूमिका करवून घेतली व ती अजोड ठरली. पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पण त्यांचे भजन हे मुळातच संयत होते, आणि त्यांच्यामागे बालगंधर्वांसारखी प्रतिमा नव्हती.

कुंकू (१९३७), माणूस (१९३९) व शेजारी (१९४१) हे तीन सामाजिक चित्रपट म्हणजे शांतारामांच्या प्रतिभेचा उत्कर्षबिंदू होय. कुंकू हा आपटे यांच्याच न पटणारी गोष्ट या कादंबरीवर बेतलेला असून त्यात वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या तरुणीचे (शांता आपटे) बंड चित्रित केले आहे. ती पतीला पती म्हणून मान्य करीत नाही. त्याच्या घरात राहून ती त्याला सत्य पाहावयास लावते. काकासाहेबांच्या भूमिकेत दाते यांनी खलपुरुषाऐवजी हळूहळू शरमिंदा होत जाणारा माणूस उभा केला. संगीतकार केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत टाळून प्रसंगात स्वाभाविकपणे उत्पन्न होणारे आवाजच वापरले. ज्या प्रेक्षकाला पदांवाचून नाटक ही कल्पनाच सहन होत नव्हती, त्याच्यापुढे असा चित्रपट ठेवणे हे धैर्याचे होते. भोळे हे ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाचेही संगीतकार होत. त्या नाटकाने रंगभूमीवर जी साधी, वास्तव रीत आणण्याचा प्रयत्न केला, ती रंगभूमीवर रुजण्यापूर्वी प्रभातच्या चित्रपटांत स्थिरावली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माणूस मध्ये पोलीस शिपाई व वेश्या यांची असफल प्रेमकथा आहे. शेजारी मध्ये एका हिंदू व एका मुसलमान शेजाऱ्याची मैत्री धरणाच्या ठेकेदाराच्या कारस्थानामुळे तुटते व धरणफुटीत दोघेही एकत्र मरतात. मराठी आवृत्तीत हिंदू पाटलाची भूमिका दाते यांनी व मुसलमान मित्राची गजानन जागीरदार यांनी केली. हिंदीत मुसलमान नट मझहर खान यांना हिंदू ठाकूर करण्यात आले. ही योजना हेतुपूर्वक होती आणि १९४१ साली तिचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती.

१९४२ मध्ये प्रभात सोडून शांतारामांनी मुंबईस परळ येथे ‘राजकमल कलामंदिर’ स्थापिले. राजाराम व कमल या आईवडिलांच्या नावांवरून हे नाव घेतले होते. पहिला चित्रपट शकुंतला (१९४३). अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतल (१८८०) या नाटकाने मराठी संगीत रंगभूमी सुरू झाली होती. तोच विषय घेऊन शांतारामांनी स्वतंत्र कारकीर्दीचा श्रीगणेशा केला. जयश्री यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट मुंबईत दोन वर्षे चालला व १९४७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. व्यावसायिक रीत्या तेथे दाखविल्या गेलेल्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनमध्ये केलेल्या वैद्यकीय सेवेवरील डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) मध्ये नायकाची भूमिका त्यांनी स्वतः केली. शाहीर होनाजी बाळा यांच्यावरील अमर भूपाळी (१९५१) हा चित्रपट कान महोत्सवात गेला.

यानंतरच्या चित्रपटांत एक वेगळीच प्रवृत्ती बळावली. झनक झनक पायल बाजे (१९५५) व नवरंग (१९५९) या रंगीत चित्रपटांतील भव्य नेपथ्य, प्रतीकांची उधळण, मंचावर मांडावेत तसे रचलेले नृत्यप्रसंग पाहिले, की कुंकूचा दिग्दर्शक तो हाच का, असा प्रश्न पडतो. समीक्षकांनी याला अभिरुचीचा ऱ्हास म्हटले. प्रेक्षकांनी हेच चित्रपट डोक्यावर घेतले. वस्तुतः येथे गंधर्व मंडळीच्या रंगमंचाचे बालपणी पाहिलेले वैभव, चाळीस वर्षांनी, रंगीत फितीची सोय होताच परत आलेले दिसते. प्रभातमध्ये दामले, फत्तेलाल यांसारखे तोलामोलाचे भागीदार या ओढीला लगाम घालीत. राजकमलमध्ये तसे कोणी नव्हते. स्त्री (१९६१) मध्ये त्यांनी शकुंतलेची कथा पुन्हा रंगांत मांडली, ती याच ओढीतून.

दो आँखे बारह हाथ (१९५७) हा या काळातील ठळक अपवाद. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची जी मुक्त वसाहत स्थापन झाली होती, तिच्या आधारे हा कृष्णधवल चित्रपट तयार झाला. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन शेतीवर माणसात आणणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. चित्रीकरणात बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, बर्लिन महोत्सवात (१९५८) रौप्य अस्वल आणि हॉलिवुडमधील परदेशी पत्रकारांच्या संघटनेचे सॅम्युएल गोल्डविन पारितोषिक (१९५९) मिळाले.

रंगभूमीवरून दिग्दर्शनाकडे वळलेले शांताराम हे एकटेच नव्हेत. पार्श्वनाथ आळतेकर, गजानन जागीरदार यांनीही हा मार्ग चोखाळला. राजा परांजपे (१९१०–७९) यांची वाट मात्र सर्वस्वी निराळी होती. त्यांनी लाखाची गोष्ट (१९५२) व पेडगावचे शहाणे (१९५२) यांसारख्या चित्रपटांत नाटकातील संवादाची नेमकी फेक आणि वेळेचे भान तसेच ठेवले व त्यावर मध्यमवर्गीय प्रहसन उभारले. दौंडपासून जवळच भीमेकाठी असलेले पेडगाव म्हणीमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होते. वेड पांघरण्याची तीच कल्पना परांजप्यांनी शीर्षकात खेळविली. भव्यतेचा सोस नसल्यामुळे त्यांना रंगभूमीशी झगडावे लागले नाही.

पिंजरा (१९७२) हा शांतारामांचा उत्तरकाळातील सर्वांत लोकप्रिय मराठी चित्रपट. योझेफ फोन स्टर्नबर्ग याच्या द ब्लू एंजल (१९३०) या चित्रपटाचे कथासूत्र त्यांनी तमाशाच्या फडावर आणले. तमासगिरिणीच्या नादी लागून उद्ध्वस्त होणाऱ्या आदर्श शिक्षकाच्या भूमिकेसाठी त्यांनी पुन्हा रंगभूमीवरचाच नट निवडला : डॉ. श्रीराम लागू. राम कदम यांचे संगीत व संध्या यांचे नृत्य यांमुळे चित्रपट गाजला. परंतु फडावर उभा राहणारा, सर्वस्व गमावलेला गुरुजी लागूंनी ज्या आवरत्या हाताने दाखविला, तो अमृतमंथन व कुंकू यांतील दात्यांची आठवण करून देतो.

भारत सरकारने त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८५) व मरणोत्तर पद्मविभूषण (१९९२) देऊन गौरविले. शांतारामा हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. प्रभातच्या पुण्यातील निर्मितिगृहाच्या आवारात १९६० मध्ये शासनाने फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. ज्या दालनांत केशवराव दाते यांना आवाज खाली आणावयास शिकविले गेले, तेथेच त्यानंतरच्या पिढ्यांनी चित्रपटाचे शिक्षण घेतले.